साडूंचा घास

गवताकडे बघून ज्याचा ऊर भरून येतो असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आम्ही सगळे जिला अक्का म्हणतो तिचा हा नवरा. मी त्यांना साडूसाहेब म्हणतो, ते मला पाव्हणं म्हणतात. राहुरीच्या अलीकडे कालव्याच्या कडेला त्यांचं गाव आहे. लोक डोंगर बघायला जातात, देऊळ बघायला जातात, नवीन सून बघायला जातात. आम्ही त्यांच्याकडे गेलो की आधी घास बघायला जावं लागतं. चहा नंतर. आमच्या भागात लसूणघास या हिरव्या चाऱ्याला नुसतं घास म्हणतात, त्यामुळे 'आधी घास बघा, मग बसा' हे वाक्य ऐकून आमच्या घरी नव्याने आलेला जावई एकदा हात धुऊन पाटावर बसला होता. त्याला उठवून बांधावर नेण्यात आलं. बिचाऱ्याने सासुरवाडीचा मान राखत हिरव्या वाफ्याकडे बघून "छान आहे" म्हटलं. साडूसाहेब म्हणाले, "छान असं नसतं. पान किती, दांडा किती, ते सांगा."

नोकरीत असताना ते साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. उसाचा रस काचेच्या नळीत घ्यायचा, उजेडासमोर धरायचा आणि त्यात साखर किती ते सांगायचं, यात त्यांचं सगळं तारुण्य गेलं. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःच्या रानातला ऊस मोडला आणि तिथे चारा लावला. कालव्याचं पाणी हाताशी असताना ऊस मोडणारा माणूस आमच्या जिल्ह्यात विरळाच. गावात बातमी पसरली की प्रयोगशाळेतल्या कसल्याशा वाफेने त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. चुलतभाऊ समजूत घालायला आले. त्यांना साडूसाहेबांनी शांतपणे सांगितलं, "आयुष्यभर गोड मोजलं. आता जरा कस मोजतो." मग एका तुकड्यात घास, दुसऱ्यात हत्तीघास, तिसऱ्यात मका, कडेला थोडं कडवळ म्हणजे चाऱ्याची ज्वारी, आणि हिवाळ्यात कुठून तरी बी आणून ओट. प्रत्येक वाफ्यापुढे काठीला पाटी. लांबून रोपवाटिका वाटावी, आणि जवळ गेल्यावर कळावं की हे सगळं गुरांसाठी चाललं आहे.

यात एकच अडचण होती. त्यांच्याकडे गुरं नव्हती. पूर्वी गोठ्यात दोन गाई होत्या, पण अक्काने लग्न झाल्यापासून शेण काढलं होतं आणि धाकट्या मुलाचं लग्न उरकल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचून जाहीर केलं होतं, "आता मी शेणात हात घालनार न्हाई. तुमच्या गाई तुमी बघा." साडूसाहेबांनी चार दिवस बघितल्या. पाचव्या दिवशी गाई विकल्या. शेणाचा भाग वगळून गोपालन करता येतं का, असा विचार त्यांनी केला असावा आणि त्यातून हा बिनगाईचा चारा निघाला.

आता चारा आहे आणि गाय नाही म्हटल्यावर माणूस तो सरळ विकून मोकळा होईल. साडूसाहेबांचं तसं नव्हतं. गाय बघितल्याशिवाय ते चारा देत नसत. कुणी पिकअप घेऊन आला की आधी विचारायचे, "कुनाला खाऊ घालनार?" तो म्हणायचा, गाईला. "कितवं वेत? दूध किती? गाभण हाय का? गव्हाण कसली हाय?" एवढ्यावर भागलं नाही तर मोटारसायकल काढून त्याच्या मागे त्याच्या गोठ्यापर्यंत जायचे. मुलगी देताना घर बघून येतात, तसे हे गोठा बघून यायचे. शेजारच्या गावच्या एका बागायतदाराच्या गव्हाणीत त्यांना कालचा शिळा चारा कुजलेला दिसला. त्यांनी आपल्या पेंढ्या पिकअपमधून एकेक करून उतरवल्या, मोटारसायकलवर मावतील तेवढ्या बांधल्या, आणि उरलेल्यांच्या शेजारी, गावाकडून दुसरी गाडी येऊन घेऊन जाईपर्यंत, भर उन्हात उभे राहिले. बागायतदार म्हणत होता, "अहो, पैसे दिलेत ना मी!" हे म्हणाले, "ते घ्या परत. माझ्या घासाचे हाल बघवत न्हाईत."

चाऱ्याचा कस ते तोंडाने तपासत. हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर सांगितलं नसतं. हत्तीघासाचं कांडं दातांनी सोलून चावायचे, चोथा तळहातावर घेऊन बोटांनी चोळायचे आणि म्हणायचे, "राठ झाला. आठवडाभर आधी कापायला पाहिजे हुता." चाऱ्याबद्दल त्यांचा सगळ्यात मोठा सिद्धान्त हाच होता. चारा जितका वाढू द्याल तितका ढीग मोठा होतो, पण कस उतरत जातो. लवकर कापावा तर कस चांगला, पण भारा लहान. या दोहोंच्या मधला नेमका दिवस गाठणं म्हणजे चारा पिकवणं, बाकी सगळी नुसती हमाली. घासाला दहातल्या एखाद्या काडीवर जांभळं फूल दिसलं की विळा घालायचा, मक्याचा दाणा नखाने दाबल्यावर दुधाऐवजी घट्ट चीक निघाला की कापायचा, हे ते ज्या तन्मयतेने सांगत, त्या तन्मयतेने लोक मुहूर्त सांगतात. आमच्या नगरच्या घरी जेवायला आले तेव्हा बायकोने केलेल्या मेथीच्या भाजीचा पहिला घास तोंडात ठेवून त्यांनी डोळे मिटले. बायको कौतुकाच्या आशेने उभी. "दोन दिवस उशीर झाला," ते म्हणाले. तिला वाटलं भाजी शिळी आहे. रागावून आत गेली. मग त्यांना तिला समजवावं लागलं की मेथी दोन दिवस उशिरा काढली, दोष शेतकऱ्याचा आहे.

माणसंही ते याच काट्यावर तोलत. माझ्या पुतणीसाठी एक स्थळ बघायला आम्ही कोपरगावला गेलो होतो. मुलगा सहा फूट उंच, देखणा, बोलायला चटपटीत. घरी परतताना मी विचारलं, "कसा वाटला?" साडूसाहेब गाडीच्या खिडकीतून उसाचे पट्टे बघत म्हणाले, "उंची हाय. पण पान कमी, दांडा जास्त." मागच्या सीटवर बसलेली अक्का उसळली. "अवो, मानूस हाय त्यो! कापून कुट्टी करायचीय का त्याची?" एका पुढाऱ्याचं तासभराचं भाषण ऐकून आल्यावर त्यांनी एवढंच म्हटलं होतं की वाळवून बघितलं तर हाताला काही लागणार नाही, सगळं पाणीच आहे. आणि माझ्याबद्दल? एकदा अक्काला सांगताना मी ऐकलं. "पाव्हणं पचायला हलकं हाय." मी अजून ठरवू शकलेलो नाही की ही स्तुती आहे की नाही.

माझं नगरला औषधांचं दुकान आहे, त्यामुळे त्यांच्या प्रयोगांशी माझा संबंध आला. ते येत तेव्हा दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकांसमोर पिशवीतून चारा बाहेर काढत आणि काउंटरवर पसरत. खोकल्याचं औषध न्यायला आलेली म्हातारी विचारायची, "ह्यो काढा कशावर?" आंबटपणा मोजायच्या कागदी पट्ट्या ते माझ्याकडूनच मागवत. या पट्ट्या त्यांना हव्या होत्या मुरघासासाठी, आणि या मुरघासानेच पुढे घोळ घातला.

मुरघास म्हणजे हिरवा मका बारीक कापून खड्ड्यात दाबून भरायचा, वर प्लॅस्टिक घालून हवा अजिबात लागू द्यायची नाही. आत तो लोणच्यासारखा मुरतो आणि उन्हाळ्यात हिरवं काही नसतं तेव्हा गुरांना घालता येतो. साडूसाहेबांना हे कळलं तेव्हा त्यांना आपल्या आयुष्याचा अर्थ सापडला असावा, कारण पुढचे काही महिने ते दुसरं काहीच बोलत नव्हते. खरीप मका त्यांनी चिकात आल्यावर नेमक्या दिवशी कापला. रानाच्या कोपऱ्यात खड्डा खोदला, कुट्टी भरली, वरून ट्रॅक्टर फिरवला, प्लॅस्टिक घातलं, माती घातली, जुने टायर ठेवले. आणि शेजारच्या रशीदभाईंना शब्द दिला, "यंदा कडबा घिऊ नका. उन्हाळाभर तुमच्या गाई मी सांभाळतो."

रशीदभाईंची ओळख करून द्यायला हवी. बांधाला बांध लागून त्यांची वस्ती. घरच्या चार गाई, दूध डेअरीला, त्याच्यावर घर चालतं. साडूसाहेबांचा घास सगळ्यात जास्त त्यांच्याच गव्हाणीत जायचा, कारण त्यांचा गोठा साडूसाहेबांच्या परीक्षेत पहिल्या दिवशी पास झाला होता. दोघं सकाळी बांधावर बसून भांडत. साडूसाहेब म्हणायचे, गाईंना उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला, घालू नका, त्यानं अंगातला चुना ओढला जातो. रशीदभाई म्हणायचे, "माज्या वडलांनी वाढ्यावरच गाई जगवल्या, सायेब." मग दोघं एकमेकांना चहा पाजून उठायचे. असा हा माणूस दरवर्षी होळीच्या सुमारास वर्षाचा कडबा भरून ठेवायचा. त्या वर्षी शब्दावर विसंबून भरला नाही.

पाडव्याच्या दिवशी खड्डा उघडायचा ठरला. साडूसाहेबांनी आम्हाला नगरहून बोलावलं, रशीदभाईंचं सगळं घर आलं, चुलतभाऊ आले, गावातली रिकामी मंडळी आली. खड्ड्याशेजारी खुर्च्या मांडल्या होत्या. अक्काने श्रीखंड केलं होतं. साडूसाहेबांनी नवा सदरा घातला होता आणि हातात माझ्याकडच्या कागदी पट्ट्या होत्या. टायर बाजूला झाले, माती ओढली, प्लॅस्टिकचं टोक उचललं, आणि जो वास आला त्याने पुढच्या रांगेतली माणसं मागच्या रांगेत आली. मुरघासाला आंबूस-गोड वास यायला हवा, रंग पिवळसर हिरवा. हा काळा पडला होता. वर पांढरी बुरशी. फावड्याने खोल उकरलं तरी तेच. साडूसाहेबांनी एक मूठ हातात घेतली आणि नाकाशी नेली. पट्टी लावलीच नाही.

कसं झालं ते समजायला फार वेळ लागला नाही. प्लॅस्टिक उचलून उजेडात धरलं तर त्याला भोकं. दर चार-आठ दिवसांनी साडूसाहेब लोखंडी पाइप आत खुपसून नमुना काढत होते, आंबटपणा तपासत होते आणि भोकावर चिकटपट्टी लावत होते. चिकटपट्टी उन्हाने निघत होती. फेब्रुवारीत अवकाळी पाऊस झाला तेव्हा पाणी आत गेलं. सबंध खड्ड्यात चांगला मुरघास होता, त्यांनी तो चांगला आहे का हे बघून बघून नासवला. गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसलं. एक चुलतभाऊ म्हणाला, "ऊसच बरा हुता."

रशीदभाईंच्या बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. रशीदभाई पुढे झाले, साडूसाहेबांच्या हातातली मूठ त्यांनी खाली पाडली आणि आपल्या गमच्याने त्यांचे हात पुसले. "चला सायेब," ते म्हणाले, "श्रीखंड गरम हुईल."

श्रीखंड कोणालाच गेलं नाही. जेवणं होताच साडूसाहेब उठून शेजारच्या चार गावांत कडबा शोधायला गेले. तोवर सगळीकडचा विकला गेला होता. संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "पाव्हणं, तुमच्या ओळखीचं कुनी जामखेडकडं हाय का?" माझ्या दुकानात माल पोचवणारा एक माणूस खर्ड्याचा होता. त्याला फोन केला. तो म्हणाला, आमच्याकडं ज्वारी बरी झाली, कडबा मिळंल. दुसऱ्या दिवशी टेम्पो केला आणि साडूसाहेब, रशीदभाई आणि मी असे खर्ड्याला निघालो. कडब्यावर साडूसाहेबांचा जुना राग, कारण त्यात कस नाही, नुसतं पोट भरतं, असं ते सगळ्यांना सांगत आले होते. त्याच कडब्यासाठी आता दारोदार फिरत होते. तिथल्या किल्ल्याच्या मागच्या एका वस्तीवर म्हातारा शेतकरी गंजीतली पेंढी काढून दाखवायला लागला तेव्हा साडूसाहेबांनी सवयीने एक काडी मोडून तोंडात घातली. चावली. पुन्हा चावली. म्हाताऱ्याने विचारलं, "काय बगताय?" साडूसाहेब म्हणाले, "गोड हाय." म्हातारा म्हणाला, "असनारच. ज्वारी हाय, काय बोरू न्हाई."

परतताना पुढे ड्रायव्हरशेजारी जागा दोघांनाच होती. साडूसाहेबांनी हट्टाने आम्हाला पुढे बसवलं आणि स्वतः मागे कडब्यावर चढले. आष्टी ओलांडल्यावर रशीदभाईंनी टेम्पो थांबवायला लावला आणि तेही मागे गेले. मी पुढच्या काचेतून रस्ता बघत होतो, आणि मागून दोघांचा आवाज येत होता. रशीदभाई म्हणत होते, "सायेब, गाईंना काय झालं न्हाई. तुमी कशाला तोंड पाडताय?" त्यावर साडूसाहेब काय म्हणाले ते ऐकू आलं नाही.

गाई उन्हाळ्यातून निभावल्या. दूध थोडं कमी झालं, पण निभावल्या. साडूसाहेब मात्र निभावले नाहीत. खड्डा बुजवला, पाट्या उपटल्या, घास वाढून वाढून जांभळा झाला आणि त्यांनी विळा लावला नाही. रशीदभाई येऊन कापून न्यायचे. दुकानात येणं बंद. फोन केला तर "बरं हाय" म्हणायचे. मुलं पुण्याला असतात, त्यांनी सांगितलं, आमच्याकडे येऊन राहा. साडूसाहेब म्हणाले, बघू. ज्या माणसाने बघू हा शब्द कधी वापरला नव्हता, त्याने तो वापरल्यावर अक्का घाबरली. एके दुपारी तिचा मला फोन आला.

"पाव्हणं, माज्या भावाकडची कालवड बगून या कोपरगावला. लाल-पांढरी. दाव्याला आनायची हाय."

"अक्का, तुम्हाला? शेणाचं काय?"

"शेनाचं मी बगते," ती म्हणाली. "त्यांना काय सांगू नका."

आषाढात मी ती कालवड पिकअपमधून घेऊन गेलो. साडूसाहेब ओट्यावर बसले होते. त्यांनी कालवडीकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं आणि विचारलं, "ही कुनाची?" अक्का दावं सोडवत म्हणाली, "तुमची. गोठा झाडून घेतलाय. गवत कापून आना." ते हलले नाहीत. मग कालवड हंबरली, प्रवासाने भुकेली होती, आणि हे उठून विळा शोधायला लागले. विळा कुठे ठेवला तेच त्यांना आठवत नव्हतं.

कालवडीने त्यांच्या विज्ञानाचा पहिल्याच आठवड्यात पराभव केला. घासाकडे ती बघायची आणि मान फिरवायची. भाकरीचा तुकडा दिला तर हात चाटायची. रशीदभाईंच्या बांधावर पडलेलं उसाचं वाढं मात्र दावं ताणून खायची. साडूसाहेब तिला समजावत बसायचे. "अगं, ह्याच्यात काय हाय ते तुला ठाऊक न्हाई." रशीदभाई बांधावरून म्हणायचे, "सायेब, तिला वाचता येत न्हाई." अक्का रोज पहाटे शेण काढायची, आणि साधारण पंधरवड्याने मला कळलं की आता टोपली साडूसाहेब उचलतात. एकदा टोपली त्यांनी स्वतःच उचलली, म्हणून तिने उचलू दिली, इतकंच. पुढे थंडी पडली तेव्हा कालवड घास खाऊ लागली. का खाऊ लागली ते साडूसाहेबांना सांगता आलं नाही.

गेल्या महिन्यात आम्ही गेलो होतो. मला कोणी बांधावर नेलं नाही. साडूसाहेब गोठ्यात लाकडी ओंडक्यावर बसले होते, सदऱ्यावर सुरकुत्या, दाढी थोडी वाढलेली, गेल्या वर्षीपेक्षा खांदे उतरलेले. कालवड आता गाभण होती, पोट भरलेलं दिसत होतं. ती बसून रवंथ करत होती. मी काही विचारणार तोच त्यांनी हात वर करून मला गप्प केलं आणि शेजारी जागा करून दिली. जबडा एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकण्याचा तो संथ आवाज आम्ही ऐकत बसलो. थोड्या वेळाने अक्का चहा घेऊन आली आणि तीही खाली पायरीवर टेकली.

पुण्याहून थोरल्या मुलाचा फोन आला. आता तरी चला, असं तो म्हणत असावा. साडूसाहेबांनी ऐकून घेतलं. "येतो की," ते म्हणाले, "ही मोकळी झाली की येतो." फोन खिशात ठेवला.

अक्का माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "ही मोकळी झाली की वासरू लहान असंल."

साडूसाहेबांनी ऐकलं असावं. गव्हाणीत पडलेली एक काडी त्यांनी उचलली, दातांत धरली, आणि कालवडीच्या मानेवरून हात फिरवत राहिले.